अर्धी शीळ

१

दोन विमानं टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, समोरासमोर आली तर मागे कोणी सरायचं, या प्रश्नाला उत्तर नाही. विमानाला आपणहून मागे येता येत नाही. त्यामुळे त्या सकाळी आमच्या विमानतळावर दोन मोठी विमानं नाकासमोर नाक करून उभी राहिली ती राहिलीच, गोष्टीतल्या पुलावरच्या दोन बोकडांसारखी. शेवटी ट्रॅक्टर आला आणि त्याने एकाला ढकलत मागे नेलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. खिडकीतल्या प्रवाशांनी तर एकमेकांना हात केले म्हणे.

पण झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. टॉवरने त्यातल्या एका विमानाला "तिथेच थांबा" असं सांगितलं होतं आणि ते वैमानिकाला ऐकूच गेलं नव्हतं. रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दुसरा मध्ये आला की पहिल्याचं बुडालं. आणि नेमकं त्याच वेळी, त्याच फ्रिक्वेन्सीवर, कोणीतरी शीळ घालत होतं.

मी कंपनीच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथालय म्हणजे नियमपुस्तकांची खोली. नियम बदलला की जुनं पान काढून नवं घालायचं, हे माझं काम. विमान मी कधी चालवलेलं नाही, त्यामुळे ही हकीकत मी सांगावी का, याची मला अजूनही खात्री नाही. पण बाई लिहिणार नाहीत, आणि भाचीने लिहिली तर ती स्वतःबद्दलचा चांगला भाग गाळून टाकेल.

बाई म्हणजे आमच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख. आयुष्यभर विमान चालवून निवृत्त झालेल्या, आणि चष्म्यावरून बघायची सवय लागलेल्या. त्यांनी मला टॅक्सीच्या, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याच्या, नियमांचं पुस्तक घेऊन बोलावलं, तेव्हा त्यांच्या खोलीत उड्डाण विभागाचे साहेब येरझाऱ्या घालत होते.

"यात तपास कसला करायचाय?" साहेब म्हणाले. "टॅक्सी आणि इंजिन स्टार्टच्या वेळी कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त अवाक्षर काढायचं नाही, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आपल्याकडे उठता-बसता शीळ घालणारं माणूस एकच आहे. बुलबुल."

मी हातातलं पुस्तक जरा घट्ट धरलं. बुलबुल म्हणजे माझी भाची. कंपनीत को-पायलट. त्या दुपारी तिची मुलाखत होती, डाव्या खुर्चीसाठी. कॉकपिटमधली डावी खुर्ची कॅप्टनची असते. लहानपणी ती आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातच बसायची आणि दुसऱ्या कोणाला बसू द्यायची नाही.

"मुलाखत रद्द," साहेब म्हणाले. "आणि एकदा रद्द झाली की तिच्या नावापुढे हा शेरा कायमचा. मग डावी खुर्ची विसरायची."

"मुलाखत सुरू व्हायला अवकाश आहे," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत मला सोडा."

मी हळूच म्हणालो, "मी... नात्यातला आहे. मी इथे नसलेलं बरं."

"काका, तुम्ही बोलत नाही. म्हणजे नसल्यासारखेच," बाई म्हणाल्या. "बसा."

२

टॉवरचं रेकॉर्डिंग बाईंनी सुरू केलं. एक साधी, जिना चढल्यासारखी वर जाणारी धून. ती एका उंच सुरावर येऊन थांबली. मग काहीच नाही. मग तीच ओळ पुन्हा, जरा जोरात. पुन्हा तिथेच थांबली. आणि रेकॉर्डिंग तुटलं.

"अर्धीच आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे मला आपलं वाटलं. पुढची ओळ हवी, असं."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आणि शिळेच्या मागे काय ऐकू येतंय?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग त्यांनी आवाज वाढवला. शिळेमागे एक घुं घुं होती, जुन्या फ्रिजसारखी. पहिली ओळ संपता संपता ती एकदम बंद झाली. दुसऱ्या वेळी शीळ निव्वळ शांततेत वाजली. आणि अगदी शेवटी घुं घुं परत आली.

बाई उठल्या. "चला," म्हणाल्या.

त्या वेळी फ्रिक्वेन्सीवर पाच विमानं होती. नाकासमोर नाक आलेली दोन्ही बाद, कारण ती शीळ चालू असताना मध्येच बोलायला गेली आणि त्यांचा चिरका आवाज रेकॉर्डिंगवर वेगळा ऐकू येतो. उरली तीन. एकात उजवीकडे बुलबुल, डावीकडे मिशीवाले कॅप्टन. ते धावपट्टीकडे निघालं होतं. दुसरं अजून पायऱ्या लावून जागेवरच उभं, त्यात कॅप्टन गप्पीदास. तिसरं नुकतंच मागे ढकलून इंजिन स्टार्टसाठी उभं केलेलं, त्यात आमचे सगळ्यात कडक कॅप्टन, हेडमास्तर. हेडमास्तर लांबच्या फेरीवर गेले होते, दुपारशिवाय परतणार नव्हते. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग उपयोगाचं नव्हतं. ते जुन्यावर नवं चढवत जातं, आणि बुलबुलचं विमान तोवर एक फेरी करून परतलंही होतं.

गप्पीदास कँटीनमध्ये सापडले. विमानतळावर खोळंबा झाल्याने त्यांचं उड्डाण रद्द झालं होतं आणि ते चहाच्या दुसऱ्या कपावर होते.

"बाई, मी विनोद सांगतो, मिमिक्री करतो, बायकोसमोर गातोसुद्धा. पण शीळ?" त्यांनी ओठांचा चंबू केला. फू... फू... "बघा. पुढचा दात गेल्यापासून मी शिट्टीला पारखा झालो."

"दात नसल्याचं सोंग आणता येतं," बाई म्हणाल्या.

"दात नसल्याचं सोंग!" गप्पीदास खूश झाले. त्यांनी ओठ वर करून आम्हाला फट दाखवली. शेजारच्या टेबलावरच्या हवाई सुंदऱ्यांनाही दाखवली.

"तुमचं इंजिन कधी चालू झालं?"

"कसलं चालू होतंय! माणसं चढत होती अजून."

"मग तुम्ही सुटलात. दातामुळे नव्हे, इंजिनामुळे."

बाहेर आल्यावर बाईंनी मला समजावलं. "इंजिन फिरवायला दाबाची हवा लागते. ती जोवर तिकडे वळवलेली असते तोवर एसी बंद, आणि त्याची घुं घुंही. तुम्ही प्रवासी म्हणून बसलात तरी कळतं. निघायच्या आधी विमान मध्येच गप्प होतं, डोक्यावरची हवा थांबते."

"हो! मला दर वेळी वाटतं, काहीतरी बिघडलं."

"काही बिघडलेलं नसतं, इंजिन चालू होत असतं. तर काका, शीळ घालणाऱ्या माणसाच्या विमानात त्याच क्षणी इंजिन स्टार्ट सुरू झाला."

मला एकदम हायसं वाटलं. बुलबुलचं विमान तर चालू लागलं होतं. म्हणजे तिची इंजिनं आधीच सुरू. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, जे मी करत नाही. खाली मिशीवाले कॅप्टन भेटले, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर अजून हसू असणार.

"इंजिनं?" ते मिशी कुरवाळत म्हणाले. "इंधन वाचवायला आम्ही एकाच इंजिनावर निघालो होतो. दुसरं वाटेत चालू केलं. साधारण तेव्हाच, खरं तर."

३

बुलबुल विश्रांतीच्या खोलीत खिडकीशी उभी होती. शीळ घालत नव्हती. ते पाहून मला जास्तच कसंतरी झालं.

"मामा, तू पण?" ती म्हणाली. "आईला सांगितलंस?"

"छे गं."

"सांगू नकोस. ती म्हणेल, मुलीच्या जातीने शीळ घालू नये हे मी पहिल्यापासून सांगत होते."

बाई समोर बसल्या. "सरळ विचारते. तू घातलीस?"

"नाही. मी जिन्यात घालते, गाडीत घालते, मामाच्या ग्रंथालयात घालते. पण कॉकपिटचं दार लागलं की बंद. तिथे गप्प बसायचं म्हणजे तोंडाला कुलूप नसतं बाई, लक्ष राखून ठेवायचं असतं. नेहमी ऐकू येतं त्याहून वेगळं काही ऐकू आलं तर ते कळायला जागा हवी ना डोक्यात."

"तुझं दुसरं इंजिन त्याच सुमाराला चालू झालं."

"हो." तिने नजर चुकवली नाही. "आमच्या बाजूने बघितलं तर मीच असू शकते. मला माहीत आहे."

बाईंनी फोनवर ती धून वाजवली. "ही ओळखतेस?"

"नाही," बुलबुल म्हणाली. आणि तिने कानाची पाळी ओढली.

बाई उठल्या, आम्ही बाहेर आलो. बुलबुल खोटं बोलताना कानाची पाळी ओढते. चार वर्षांची असताना बर्फीचा तुकडा लपवला तेव्हापासून. हे बाईंना सांगणं म्हणजे माझ्याच हाताने तिला बुडवणं. न सांगणं म्हणजे बाईंना फसवणं. मी नियमपुस्तकाच्या कडा चाचपत राहिलो. पुस्तकात यावर काही नव्हतं.

"बाई," मी शेवटी म्हणालो, "तिला धून ठाऊक आहे. शीळ तिने घातलेली नाही, ते खरं बोलली. पण धून ठाऊक आहे."

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"कारण ती... कोणालातरी पाठीशी घालतेय."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मग त्यांनी मला रेकॉर्डिंगचा आधीचा भाग ऐकवला. शीळ सुरू होण्याच्या थोडं आधी बुलबुलनेच टॉवरला उत्तर दिलं होतं, आणि तिच्या आवाजामागे काहीतरी ठराविक लयीत वाजत होतं. टक्... टक्... टक्...

"टॅक्सीवेच्या मधोमध दिवे बसवलेले असतात, जमिनीतून जरा वर आलेले. विमान चालताना पुढचं चाक त्यांवरून जातं. टक्, टक्. ती चालत होती, आणि टॉवरने तिला पार धावपट्टीच्या तोंडापर्यंत कुठेही थांबवलं नाही. आता शीळ ऐका."

ऐकली. शिळेच्या मागे घुं घुं होती, मग शांतता होती. टक् नव्हतं.

"शीळ घालणारं विमान उभं होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"उभं होतं, आणि इंजिन स्टार्ट करत होतं. असं विमान एकच."

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग हसायचे थांबलेच नाहीत. "हेडमास्तर? बाई, कॉकपिटमध्ये बोलायचं नाही हा नियम लिहिला कोणी? त्यांनी! चेकलिस्ट वाचताना को-पायलट खोकला तर ते पहिल्यापासून वाचायला लावतात. ते शीळ घालणार? त्यापेक्षा धावपट्टीने शीळ घातली म्हणा, मी विश्वास ठेवेन. कारण सांगा, कारण! नाहीतर मुलाखत रद्द."

बाईंनी मला खूण केली आणि आम्ही बाहेर पडलो.

४

"शिळेत एक माणूस कमी आहे," चालता चालता बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, अर्धी आहे. ओळ म्हणायची, थांबायचं, पुन्हा म्हणायची. असं आपण कधी करतो?"

"दार वाजवताना," मी म्हणालो. "आतून ओ आली नाही की."

बाई थांबल्या. मग भराभर चालू लागल्या.

हँगरच्या एका कोपऱ्यात कागदी झिरमिळ्या लावणं चाललं होतं. तात्यांचा निरोप समारंभ. तात्या म्हणजे जमिनीवरचे इंजिनिअर. विमान निघताना नाकाखाली उभा राहून, वायरीने जोडलेल्या हेडसेटवरून कॅप्टनशी बोलणारा माणूस. "खाली सगळं मोकळं आहे, चालू करा," हे खालून त्यांनी सांगायचं, मग वर इंजिन फिरायचं. आज त्यांचा शेवटचा दिवस. सत्कारमूर्ती मात्र स्टुलावर बसून फुरंगटले होते.

"तात्या, आज सकाळी हेडमास्तरांचं विमान तुम्हीच काढलंत ना?"

"काढलं. आणि त्या माणसाचं नाव काढू नका."

"भांडलात?"

"भांडायला बोलावं लागतं! इतकी वर्षं झाली, ते उजव्या खुर्चीवर होते आणि मला मिसरूड फुटत होतं तेव्हापासूनची गोष्ट. तेव्हाचे हेडसेट कसले, निम्म्या वेळा खरखर. बोललेलं कळायचं नाही. शीळ मात्र पोचायची. मग आमचं ठरून गेलं. इंजिनाला हात लावण्याआधी ते वरून एक ओळ घालणार, मी खालून दुसरी. दोन्ही पोचल्या म्हणजे वायर चांगली. पुढे हेडसेट सुधारले, ते कॅप्टन झाले, नियम लिहू लागले, आणि शीळ बंद पडली. मी काही बोललो नाही; नियम बरोबरच होता. पण काल मला म्हणाले, 'तात्या, उद्या शेवटची. एकदा होऊन जाऊ दे.'"

"आणि?"

"आणि आज मी खाली ओठ ओले करून उभा! वर बघतोय. काचेतून ते माझ्याकडे बघतायत. ओठांचा चंबूसुद्धा दिसला मला. पण कानात? काही नाही. मग जरा वेळाने एकदम कोरडा आवाज: 'जमिनीवर, ऐकू येतंय का?' मी म्हटलं, येतंय. 'इंजिन चालू करतो.' बस्स. वर तोंड वेंगाडून चेष्टा केली म्हाताऱ्याची!"

बाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बुलबुलने शिकाऊ असताना विमानाभोवती फेरी मारताना तात्यांना ही धून गुणगुणताना ऐकलं असणार. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यावर बालंट नको म्हणून तिने कानाची पाळी ओढली होती.

"तात्या," बाई म्हणाल्या, "टोपी घाला आणि आमच्याबरोबर चला."

५

मुलाखतीच्या खोलीत साहेब मध्ये, मिशीवाले कॅप्टन बाजूला, आणि बुलबुल समोर ताठ बसली होती. तात्यांना पाहताच ती अर्धी उठली. "तात्यांचा काही संबंध नाही! त्यांचा हेडसेट तर—"

"फक्त वायरीला जोडलेला असतो, त्यांची शीळ रेडिओवर जाऊच शकत नाही," बाईंनी वाक्य पुरं केलं. "पाठीशी घालायच्या आधी एवढा विचार करायचा होतास. बस."

मग त्यांनी सांगितलं.

"कॅप्टनसमोर माइक एकच असतो, पण वाटा दोन. एक वायरीने खाली इंजिनिअरकडे, दुसरी रेडिओवरून सगळ्या विमानतळाला. विमान ढकलायची परवानगी रेडिओवर मागायची, मग वाट बदलून खाली बोलायचं. रोजचं काम. पण आज हेडमास्तर वाट बदलायला विसरले. डोळे खाली तात्यांकडे लागलेले. त्यांनी पहिली ओळ घातली आणि हात सवयीने इंजिन स्टार्टकडे गेला; एसी थांबला. खालून उत्तर नाही. पुन्हा घातली. पुन्हा उत्तर नाही. आणि साहेब, इथे माणूस ओळखू येतो. शेवटी घुं घुं परत आली, ऐकलीत? स्टार्ट करायला घेतला आणि सोडून दिला. खालून उत्तर नाही तर इंजिन नाही. शीळ घालतानासुद्धा हा नियम त्यांनी मोडला नाही. असं एकच माणूस करेल."

साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

हेडमास्तर उभे होते. टोपी काखेत, गणवेशाला एक सुरकुती नाही, चेहरा मात्र वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाचा.

"चाक टेकल्या टेकल्या आलो," ते म्हणाले. "सकाळची शीळ माझी होती. टॉवर ओरडला तेव्हाच कळलं. पण इंजिन चालू करायचं होतं, माणसं न्यायची होती. चूक कबूल करायची जागा ती नव्हती. जी शिक्षा असेल ती द्या. नियम मीच लिहिलाय, त्यामुळे पळवाटा कुठे नाहीत ते मला माहीत आहे." मग त्यांना बुलबुल दिसली. "हिला का बसवलंय?"

"तुमच्या शिळेचं बक्षीस द्यायला," मिशीवाले मिशीतल्या मिशीत म्हणाले.

हेडमास्तरांचे कान लाल झाले. ते बुलबुलसमोर गेले आणि, मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो, त्यांनी हात जोडले. "मुली, माफ कर."

"सर, असं काय करताय! पण... तालात होती," बुलबुल म्हणाली.

साहेब मान खाली घालून टेबलाकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसू दाबत होते हे नंतर कळलं. शेवटी त्यांनी निकाल दिला. हेडमास्तरांना काही काळ उड्डाण बंद, आणि रेडिओवर कसं बोलावं याच्या वर्गात नव्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसायचं. "आणि बुलबुल, तुझी मुलाखत आता सुरू. पहिला प्रश्न. कॉकपिटमध्ये गप्प का बसायचं?"

तिने सकाळी आम्हाला दिलेलंच उत्तर दिलं. हेडमास्तर दाराशी थांबून ऐकत होते. "हे मी लिहिलंय त्यापेक्षा बरं आहे," ते मला म्हणाले. "काका, पुस्तकाचं पान बदला."

डावी खुर्ची तिला मिळाली. माझ्या बहिणीला फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "आता तरी शीळ घालणं बंद कर म्हणावं."

संध्याकाळी हँगरमध्ये झिरमिळ्यांखाली सगळे जमले. गप्पीदासांनी भाषण ठोकलं, त्यातलं निम्मं दाताबद्दल होतं. तात्या अजून हेडमास्तरांकडे बघत नव्हते.

"तात्या," हेडमास्तर पुढे येऊन म्हणाले, "तुमच्यासाठी घातलेली शीळ अख्ख्या विमानतळाने ऐकली. तुम्ही सोडून."

"मला काय फायदा त्याचा?"

तेव्हा हेडमास्तरांनी, भर सभेत, ओठांचा चंबू केला. तीच ओळ. जिना चढल्यासारखी वर गेली आणि त्या उंच सुरावर थांबली. हँगर गप्प झाला, इंजिन स्टार्टच्या वेळी विमान होतं तसा. आम्ही सगळ्यांनी ही अर्धी ओळ सकाळपासून ऐकली होती. पुढची एकाच माणसाने घालायची होती.

तात्यांनी ओठ ओले केले. आणि दुसरी ओळ आली. एकेक पायरी उतरत, मध्ये जरा चुकत, पार तळाशी येऊन टेकली.

"वायर चांगली आहे," तात्या म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.

मग कोण कोणाला मिठी मारत होतं ते सांगता येणार नाही. बुलबुलने दोन्ही ओळी एका दमात घातल्या, लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. मलाही राहवलं नाही. कोपऱ्यात, कोणाचं लक्ष नाहीसं पाहून, मी ओठ पुढे काढले आणि जोर लावला.

"मामा," शेजारून बुलबुल म्हणाली, "नुसती हवा येतेय."

"असू दे," मी म्हणालो. "इंजिन चालू होतंय."